परीक्षेसाठी शरीर आणि मन यांची सिद्धता

फरीदाबाद हे दिल्लीच्या दक्षिणेस असलेले हरियाणातील औद्योगिक नगर होय. देशाच्या फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून येथे नवी वसाहत उभारण्यात आली आणि तिच्याभोवती कारखाने वाढत गेले. यंत्र अखंड चालविले तर ते तापते व बिघडते, हे येथील कामगारास सांगावे लागत नाही. परंतु त्याच कामगाराच्या घरी दहावीचा मुलगा वा मुलगी असेल, तर तेथे निराळाच नियम लागू होतो. रात्री दोन वाजेपर्यंत जागणारा विद्यार्थी कष्टाळू आणि दहाला झोपणारा निष्काळजी, असे मानले जाते. या समजुतीमुळे अनेक विद्यार्थी वर्षभर मिळविलेले ज्ञान ऐन परीक्षेत गमावून बसतात.

येथील अनेक शाळा भिवानी येथील हरियाणा विद्यालय शिक्षण मंडळाशी किंवा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न आहेत. दोन्ही मंडळांच्या वार्षिक परीक्षा सर्वसाधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. त्यामुळे अभ्यासाचा मुख्य काळ कडाक्याच्या थंडीत आणि धुक्यात जातो.

वाचलेले लक्षात कसे राहते, याचा शास्त्रीय शोध हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून घेतला. निरर्थक अक्षरसमूह पाठ करून ते किती काळ टिकतात, हे त्याने मोजले व १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. विस्मरण सुरुवातीस फार वेगाने होते आणि पुढे त्याचा वेग मंदावतो, असे त्यास आढळले. त्याचबरोबर, एकाच दिवशी केलेल्या पाठांतरापेक्षा अनेक दिवसांत विभागून केलेले पाठांतर अधिक फलदायी ठरते, हेही त्याने दाखविले. पुढे १९२४ मध्ये अमेरिकेतील जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी पाठांतरानंतर झोपलेल्या व जागे राहिलेल्या व्यक्तींची तुलना केली. आठ तासांनंतर झोपलेल्यांना सुमारे निम्मे अक्षरसमूह आठवत होते. जागे राहिलेल्यांना जेमतेम एक-दशांश. झोपेत मेंदू दिवसभरातील ठसे दृढ करीत असतो, हे त्यानंतरच्या संशोधनाने अधिक स्पष्ट झाले आहे. किशोरवयात आठ ते दहा तास झोप आवश्यक असते. म्हणून रात्रीचे जागरण हे अभ्यासात टाकलेली भर नसून झालेल्या अभ्यासातून केलेली वजाबाकी होय.

अभ्यासाची रीतही महत्त्वाची आहे. तोच धडा पुनःपुन्हा वाचल्याने तो आपणास येतो असा भास होतो. २००६ मध्ये रोडिगर व कार्पिकी यांनी केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले. परंतु आठवड्यानंतर, पुस्तक मिटून आठवून लिहिणारे विद्यार्थी पुढे गेले. परीक्षा आठवड्यानंतर असते, पाच मिनिटांनंतर नव्हे. धडा वाचावा, पुस्तक मिटावे, मुद्दे कागदावर उतरवावे आणि मगच चुका तपासाव्यात.

शरीराची काळजी ऋतूनुसार घ्यावी लागते. उत्तरेकडील थंडीत दारे-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी पेटविण्याची प्रथा काही घरांत आहे. बंद खोलीत कोळशापासून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग वा वास नसतो. त्याने प्रथम डोके दुखते, गुंगी येते आणि पुढे प्राणही जाऊ शकतो. तेव्हा अशा खोलीत शेगडी पेटवू नये. उबदार कपडे व रजई पुरेशी असतात. थंडीत तहान कमी लागते, म्हणून आठवणीने पाणी प्यावे. सकाळी उपाशी जाऊ नये आणि परीक्षेच्या दिवशी नवा पदार्थही खाऊ नये; नेहमीचा पराठा व दहीच योग्य. दुपारचे ऊन अर्धा तास अंगावर घेत चालण्याने शरीर सैल होते व रात्री झोप चांगली लागते.

परीक्षेपूर्वी छाती धडधडणे, हात गार पडणे ही भित्रेपणाची लक्षणे नव्हेत. संकटप्रसंगी अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारा ॲड्रेनॅलिन हा द्रव शरीरास लढण्यास वा पळण्यास सज्ज करतो, हे वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी दाखविले. माफक प्रमाणातील ही सज्जता उपयोगीच असते. ती अतिरेकास गेली म्हणजे आठवलेलेही सुचेनासे होते. अशा वेळी श्वास सावकाश घेऊन तो त्याहूनही सावकाश सोडावा. काही मिनिटांत नाडी शांत होऊ लागते. केंद्रीय मंडळाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी पंधरा मिनिटे मिळतात. त्यांतील पहिले मिनिट यासाठी दिले, तरी तो वेळ वाया जात नाही.

तथापि सर्वच भीती अशा उपायांनी जात नाही. मूल जेवेनासे झाले, रात्रंदिवस झोपेनासे झाले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर ते नाटक समजू नये. त्यास एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

पालकांचे काम त्यापूर्वीच सुरू होते. शेजारच्या मुलाच्या गुणांशी तुलना थांबवावी, अभ्यासाच्या वेळी घरातील दूरदर्शन संच बंद ठेवावा आणि रात्री ठरलेल्या वेळी मुलाच्या हातातील पुस्तक काढून घेऊन दिवा मालवावा. एका खोलीच्या घरातही एवढे करता येते.