चाळिसाव्या संघाची वाट

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडाविश्वात मुलींच्या एखाद्या खेळाला अधिकृत मान्यता मिळते ती मुख्यतः हिशेबाच्या जोरावर. नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए, ही तिथली सर्वांत मोठी नियामक संस्था. किमान 40 महाविद्यालयांनी त्या खेळाचा अधिकृत संघ उभा केला, तरच ती राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचा विचार करते. खेळ किती जुना, किती देखणा किंवा ऑलिंपिकमध्ये आहे की नाही, हे प्रश्न त्यानंतरचे.

या हिशेबाचे मूळ 23 जून 1972 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केलेल्या शिक्षणविषयक कायद्यात आहे. ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यातल्या कलमाने सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी केली. कलमात खेळांचा उल्लेखही नाही, तरी त्याचा सर्वाधिक गाजावाजा मैदानावरच झाला. येल विद्यापीठाच्या नौकानयन संघातल्या मुलींना सरावानंतर अंघोळीची सोय नव्हती. भिजलेल्या कपड्यांत त्या बसमध्ये मुलांची वाट पाहत बसत. मार्च 1976 मध्ये 19 जणींनी क्रीडाविभागाच्या कार्यालयात जाऊन कपडे उतरवले. त्यांच्या अंगावर शाईने कलमाचे नाव लिहिलेले होते. या घटनेची बातमी देशभर पोहोचली.

एनसीएएचा सुरुवातीचा पवित्रा मात्र विरोधाचा होता. मुलींचे खेळ तेव्हा 1971 मध्ये स्थापन झालेली एक स्वतंत्र महिला संघटना सांभाळत असे. 1981-82 च्या हंगामात एनसीएएने स्वतःच्या महिला स्पर्धा सुरू केल्या आणि वर्षभरात ती संघटना बंद पडली. मान्यतेबरोबर पैसा आला आणि सूत्रे पुन्हा जुन्याच हातांत गेली.

कायदा पाळला की नाही हे तपासण्यासाठी 1979 मध्ये सरकारने तीन निकष सांगितले. त्यांपैकी एक पूर्ण झाला तरी पुरे. एकूण विद्यार्थ्यांतले मुलींचे प्रमाण आणि खेळाडूंतले त्यांचे प्रमाण जुळले पाहिजे, हा त्यांतला सर्वांत ठळक. इथे अमेरिकन फुटबॉल आडवा येतो. एकेका संघात शंभरावर मुले आणि मुलींमध्ये त्याच्या जोडीचा खेळच नाही. तराजूचे दुसरे पारडे भरायला मुलींचे मोठे संघ हवे होते. नौकानयन त्यासाठी सोयीचे ठरले, कारण एका संघात कितीतरी मुली सामावतात. 1997 मध्ये त्याची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. मुलांचे नौकानयन याहून कितीतरी जुने असूनही आजतागायत एनसीएएच्या बाहेरच आहे.

नव्या खेळांना मान्यतेपर्यंत नेणारी वाट आखली ती एनसीएएने 1992 मध्ये नेमलेल्या लिंगसमानता कृतिदलाने. त्याच्या शिफारशीनुसार 1994 मध्ये महिलांच्या ‘उदयोन्मुख खेळां’ची यादी आली. तिरंदाजी, बॅडमिंटन, बोलिंग, आइस हॉकी, नौकानयन, स्क्वॉश, तालबद्ध जलतरण, टीम हँडबॉल आणि वॉटर पोलो असे नऊ खेळ तीत होते. यादीत यायचे तर आधी देशात वीसेक अधिकृत किंवा क्लब संघ खेळत असावे लागतात आणि 10 महाविद्यालयांनी लेखी हमी द्यावी लागते. यादीत आले की शिष्यवृत्त्या देता येतात आणि संस्थेने चालवायच्या किमान खेळांत तो खेळ मोजला जातो. पुढे 40 चा पल्ला गाठायला दहा वर्षांची मुदत. प्रगती दिसत असेल तर सवलत मिळते. रग्बी 2002 पासून याच सवलतीवर यादीत तग धरून राहिला.

आइस हॉकी आणि वॉटर पोलो यांना 2001 मध्ये स्वतःची अजिंक्यपद स्पर्धा मिळाली, बोलिंगला 2004 मध्ये, समुद्रकिनारी व्हॉलीबॉलला 2016 मध्ये. बोलिंगच्या वाढीत कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांचा वाटा मोठा. त्यांपैकीच मेरीलँड ईस्टर्न शोअरने 2008 मध्ये विजेतेपदही पटकावले. तिरंदाजी, बॅडमिंटन, हँडबॉल, स्क्वॉश मात्र गळाले. बॅडमिंटन ऑलिंपिकमध्ये असूनही त्याला अमेरिकेत पुरेशी महाविद्यालये मिळाली नाहीत.

खेळ कशाला म्हणायचे, हा वाद न्यायालयातही गेला. क्विनिपियाक विद्यापीठाने 2009 मध्ये मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून चिअरलीडिंगचा स्पर्धात्मक संघ आणण्याचे ठरवले. व्हॉलीबॉलच्या मुली न्यायालयात गेल्या. 2010 मध्ये न्यायाधीश स्टीफन अंडरहिल यांनी निकाल दिला की या चिअरला अजून एकसारखे नियम नाहीत, स्पर्धांची नीट घडी नाही, म्हणून कायद्याच्या हिशेबात तो खेळ धरता येणार नाही. निकाल कठोर वाटला तरी त्याने नेमके काय कमी आहे ते दाखवून दिले. चिअरच्या कसरतींतून दोन खेळ घडवले गेले. एक अ‍ॅक्रोबॅटिक्स अँड टम्बलिंग आणि दुसरा स्टंट, ज्यात दोन संघ एकाच वेळी त्याच कसरती करतात आणि चार डावांत गुण मोजले जातात. पहिला 2020 मध्ये यादीत आला, दुसरा 2023 मध्ये.

सर्वांत लक्षवेधी प्रवास कुस्तीचा. मुलांचे कुस्तीसंघ बंद पडत गेले तेव्हा प्रशिक्षकांनी टायटल नाइनलाच दोष दिला; 2002 मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना सरकारविरुद्ध न्यायालयात गेली आणि हरली. त्याच कलमाच्या आधाराने पुढे मुलींच्या कुस्तीने या खेळाला महाविद्यालयांत नवी जागा मिळवून दिली. मुलींचा पहिला महाविद्यालयीन संघ मिनेसोटा विद्यापीठाच्या मॉरिस येथील शाखेत 1990च्या दशकात उभा राहिला होता. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये महिला कुस्ती आली, शाळांतून मुली येऊ लागल्या, आणि 2020 मध्ये खेळ यादीत दाखल झाला. मोठ्या क्रीडासंस्थानांपैकी आयोवा विद्यापीठाने 2021 मध्ये पहिला संघ जाहीर केला. महाविद्यालयांतली मुले अमेरिकी धाटणीची ‘फोकस्टाइल’ कुस्ती खेळतात, तर मुली थेट ऑलिंपिकमधली ‘फ्रीस्टाइल’. जानेवारी 2025 मध्ये अजिंक्यपद स्पर्धेला मंजुरी मिळाली आणि पहिल्या स्पर्धेसाठी 2026 हे वर्ष ठरले.

रांगेत पुढे आहे फ्लॅग फुटबॉल. यात प्रतिस्पर्ध्याला पाडायचे नसते. त्याच्या कमरेची पट्टी ओढली की झाले. एनएआयए या लहान महाविद्यालयांच्या संघटनेने व्यावसायिक लीग एनएफएलच्या मदतीने 2020 मध्ये तो मुलींसाठी हाती घेतला, आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही त्याचा समावेश झाला आहे. 2025 मध्ये एनसीएएच्या महिला क्रीडा समितीने तो उदयोन्मुख यादीत घ्यावा अशी शिफारस केली. ज्या फुटबॉलमुळे पारडे झुकत होते, त्याचाच मुलींसाठीचा प्रकार आता महाविद्यालये मोजू लागली आहेत.