जन्म १८९७ चा, नाव १९८२ चे

बँक जितकी जुनी, तितकी ठेव सुरक्षित, असा ठेवीदारांचा समज असतो. दक्षिण कोरियातील शिनहान या बड्या व्यापारी बँकेचा इतिहास मात्र हा समज तपासून पाहायला लावणारा आहे.

या बँकेला दोन जन्मवर्षे आहेत. १८९७ मध्ये सोल येथे हानसोंग बँक स्थापन झाली. कोरियातील आरंभीच्या आधुनिक बँकांमध्ये तिची गणना होते. तिच्याकडे आलेले पहिले तारण एका व्यापाऱ्याचे गाढव होते, अशी आख्यायिका सांगितली जाते. १९४३ मध्ये डोंगइल बँकेशी विलीनीकरण होऊन तिचे 'चोहुंग बँक' असे नामकरण झाले.

दुसरे जन्मवर्ष १९८२. जपानमध्ये स्थायिक झालेल्या कोरियन व्यावसायिकांनी ली ही-गन यांच्या पुढाकाराने २५ अब्ज वॉनच्या भांडवलावर शिनहान बँक सुरू केली. शिनहान म्हणजे 'नवा कोरिया'. तेव्हा तिच्या शाखा होत्या अवघ्या तीन.

दोन्ही बँकांची जडणघडण भिन्न होती. १९६१ नंतर कोरियातील मोठ्या बँका सरकारी नियंत्रणाखाली आल्या. कर्जे कोणत्या उद्योगांना द्यायची, यावर सरकारचा प्रभाव असे. बड्या उद्योगसमूहांना सढळ कर्जे देण्याची ही सवय पुढे खासगीकरणानंतरही सुटली नाही. शिनहानच्या भांडवलात मात्र प्रारंभापासून सरकारचा वाटा नव्हता.

१९९७ मध्ये या सवयीची किंमत चुकवावी लागली. जानेवारीत हानबो स्टील कोसळली. पाठोपाठ इतर समूहही डबघाईला आले. डिसेंबरमध्ये कोरियाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी मदतीचा करार केला. बुडीत कर्जांनी खचलेल्या चोहुंगला सार्वजनिक निधीतून वाचवावे लागले आणि तिची बहुतांश मालकी सरकारकडे गेली. शिनहानने मात्र १९९८ मध्ये बंद पडलेल्या डोंगह्वा बँकेचा कारभार आपल्याकडे घेतला.

२००३ मध्ये सरकारने चोहुंगमधील सुमारे ८० टक्के हिस्सा शिनहान समूहाला विकला. नोकऱ्या आणि बँकेची ओळख दोन्ही जाणार, या भीतीने चोहुंगच्या कर्मचाऱ्यांनी त्या जूनमध्ये संप पुकारला. अखेर तडजोड झाली आणि काही काळ दोन्ही बँका स्वतंत्रपणे चालल्या. एप्रिल २००६ मध्ये विलीनीकरण झाले. कायद्याच्या दृष्टीने टिकली ती चोहुंग. पण तिने नाव घेतले शिनहानचे! त्यामुळेच आजची शिनहान आपली परंपरा १८९७ पासून सांगू शकते.

मुंबईकरांना हे नाव सर्वस्वी अपरिचित नाही. शिनहानने १९९६ मध्येच येथे शाखा उघडली होती. २०२४ मध्ये शैक्षणिक कर्जे देणाऱ्या क्रेडिला या मुंबईस्थित कंपनीत सुमारे १० टक्के हिस्सा घेण्याचा करारही तिने केला.

बँकेचे वय तिच्या पाटीवर वाचता येते. चोहुंगचे भवितव्य मात्र ठरवले तिच्या कर्जवहीने.