बॅटरी बदलताना आधी कोणती तार?

गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा झटका बसत नाही, म्हणून बेफिकीर राहू नका. बदलताना इंजिन बंद करून आधी ऋण (–) तार सोडवावी, मग धन (+). जोडताना उलट: आधी धन, शेवटी ऋण. कारण गाडीचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. ती तार न सोडवता धन टोकावरचा पाना पत्र्याला टेकला, की मोठी ठिणगी उडते. बॅटरीतला हायड्रोजन वायू पेटून ॲसिड डोळ्यांत उडू शकते. विडी-काडीही दूर ठेवावी.

नव्या गाड्यांपैकी थांबताच इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीला साधी बॅटरी टिकत नाही. पुस्तिकेत सांगितलेलीच घ्यावी. जुन्या बॅटरीत विषारी शिसे असते. ती विहिरीकाठी न टाकता दुकानदारास परत द्यावी.