प्लान्टला आज किती घालायचं?

कॉलेजच्या पर्यावरण विभागात इंटर्नशिप लागली की वाट्याला सहसा पोस्टरं येतात, पाच जूनला रोपं लावायची धावपळ येते आणि अहवालासाठी फोटो गोळा करायचं काम येतं. ही कामं वाईट नाहीत. पण ती राहून गेली तरी दुसऱ्या दिवशी कुणाचं काही अडत नाही. मला दिलेल्या कामात अडत होतं. वसतिगृहाच्या मेसमागे बायोगॅसचा प्लान्ट आहे. त्यात रोज किती खरकटं जाणार हे ठरवायचं, वहीत लिहायचं आणि खाली सही करायची. त्या गॅसवर मेसची एक मोठी शेगडी चालते. ठरवण्यात गडबड झाली, तर ती आधी आचाऱ्याला कळते.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला सरासरी 100 किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना वेगळं काढलं आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. त्यानंतर बऱ्याच कॅम्पसवर असे प्लान्ट उभे राहिले. उभे राहणं सोपं असतं. चालू राहतात ते रोज कुणीतरी हात घालतं म्हणून.

आमच्याकडे तो हात खरकटं निवडणाऱ्या मावशींचा. बादली टेबलावर ओतली की त्यांची बोटं आधी लिंबाच्या फोडी आणि संत्र्याची सालं शोधतात, कारण सालीतलं तेल टाकीतल्या जिवाणूंना मानवत नाही. मग अंड्याची टरफलं आणि हाडं निघतात. ती कुजत नाहीत, तळाशी बसून जागा खातात. कांद्याची सालं वर तरंगून थर धरतात, म्हणून तीही बाजूला. आणि चमचे. चमचा क्रशरमध्ये गेला की दिवसभराचं काम बंद. मावशी बादली नुसती तिरकी करून सांगतात, ‘आज वरण जास्त हाय, पाणी कमी घाला.’ वजनकाटा मी नंतर लावते.

टाकीच्या आत कामाच्या दोन पाळ्या चालतात. पहिल्या पाळीतले जिवाणू अन्न फोडून त्याची आम्लं करतात. ते चपळ असतात. दुसऱ्या पाळीतले त्या आम्लांपासून मिथेन करतात, आणि ते संथ, नाजूक. हे दुसरे जीव गाईच्या पोटातही राहतात, म्हणून नवा प्लान्ट सुरू करताना आधी शेणाचा काला घालतात. एकदम जास्त खरकटं गेलं की पहिले धावत सुटतात, दुसऱ्यांना ते झेपत नाही आणि टाकी आंबते. मग पीएच सातच्या बराच खाली येतो, गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि शेगडी धड पेटत नाही. प्लान्ट सांभाळणारे काका पट्टी बुडवायच्या आधीच वासावरून ओळखतात. ‘आंबूस यायला लागलंय, आज हात आखडता घ्या,’ म्हणतात. मी पट्टी बुडवते, रंग जुळवते, आणि बहुतेक वेळा काकांचंच खरं निघतं.

खरी कसोटी लागली ती सणाच्या दुसऱ्या दिवशी. श्रीखंड-पुरीचा बेत झालेला, बादल्या रांगेत उभ्या, आणि मेसचे ठेकेदार म्हणाले, ‘ताई, एवढं ठेवू कुठे? घाला की सगळं आत.’ गोड आणि तेलकट, दोन्ही एकदम. पट्टीचा रंग आधीच कललेला. मी विभागातल्या सरांना फोन केला. ते म्हणाले, ‘वहीत सही तुझी आहे. तुला काय वाटतं ते सांग.’ मी अर्ध्याहून कमी आत घ्यायचं ठरवलं आणि उरलेलं कंपोस्टच्या हौदात सुक्या पानांबरोबर थर देऊन जिरवलं. ठेकेदारांची नाराजी मला एकटीला ऐकावी लागली. इंटर्नला जबाबदारी देणं म्हणजे नकार द्यायचा अधिकार देणं, असं मला वाटतं. तो दिला नाही, तर उरतो तो फक्त मदतनीस.

वहीत मी एक रकाना वाढवला. स्वयंपाकघरातली सालं-देठं वेगळी मोजली आणि ताटातलं उष्टं वेगळं. ताटातला मोठा वाटा भाताचा होता, पहिल्याच वाढीत भरभरून वाढलेला. मेस कमिटीपुढे मी वही ठेवली आणि वाढायला लहान डाव मागितला. हवं त्याने पुन्हा घ्यावं. उष्टं दिसण्याइतकं घटलं. त्याबरोबर गॅसही घटला, आणि ठेकेदारांनी सिलिंडरच्या खर्चाचा प्रश्न काढला. प्रश्न रास्त होता. पण एक घनमीटर बायोगॅस म्हणजे जेमतेम अर्धा किलो एलपीजी. टाकलेल्या भातामागे तांदूळ असतो, पाणी असतं, तो शिजवायला जाळलेला गॅस असतो. त्यातलं फारच थोडं टाकी परत देते. प्लान्ट भुकेला राहिला तर चालेल, पण त्याच्यासाठी ताटात उष्टं पडू नये, हे मी कमिटीत ठामपणे मांडलं.

सुट्टीत मात्र तो अगदी उपाशी ठेवून चालत नाही. मेस बंद, मुलं गावी. उपाय काकांनी सुचवला: जवळच्या गिरणीत जमिनीवर सांडलेलं पीठ. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी हेच दाखवलं होतं, की शेण हे गाईने आधीच पचवलेलं असतं, त्यापेक्षा पिष्टमय पदार्थ कितीतरी थोडा घातला तरी गॅस लवकर मिळतो. त्यांच्या छोट्या प्लान्टला 2006 मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. काकांनी हे कुठे वाचलेलं नव्हतं. त्यांनी गावाकडे करून पाहिलं होतं.

मी गिरणीवाल्यांशी बोलून आले. रोज किती पीठ कालवायचं, मेस सुरू झाल्यावर खरकटं हळूहळू कसं वाढवायचं, हे काकांनी सांगितलं तसं वहीत उतरवलं आणि शेजारी त्यांचं नाव घातलं. सुट्टीतल्या या कामाचे पैसे काकांना वेगळे मिळावेत असं पत्र विभागाला दिलं. मंजुरी आल्यावरच वही त्यांच्याकडे सोपवली.