विश्लेषण : कॉलेजच्या खर्चाने ‘कॅम्पस व्हिजिट’, प्रवेशाची शक्यता खरेच वाढते का?

बस मोफत, जेवण मोफत, मुक्कामही मोफत. या सहलीने गुणवत्ता यादीत विद्यार्थी एक क्रमांकही पुढे सरकत नाही. मात्र परतीच्या बसमध्ये बसण्याआधी घेतलेला एखादा निर्णय चार वर्षांच्या शुल्कावर परिणाम करू शकतो.

बारावी आणि सीईटी आटोपली की नांदेड, लातूरमधल्या पालकांचे फोन वाजू लागतात. पुणे, हैदराबाद, बेंगळूरूकडच्या कॉलेजांचे प्रतिनिधी प्रवेशाविषयी विचारतात आणि कॅम्पस पाहायला येण्याचा आग्रह करतात. काही कॉलेजे प्रवासाचा खर्चही उचलतात. लातूरहून पुणे सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, नांदेडहून साधारण साडेचारशे. मुलगा आणि वडील अशा दोघांचे जाणे-येणे, एका रात्रीचा लॉज, शहरातल्या रिक्षा असा हिशेब केला तर फुकट बस ही लहान गोष्ट नाही. म्हणूनच आमंत्रण नाकारणे अवघड जाते आणि ‘आपल्याला बोलावले म्हणजे आपली जागा पक्की’ असा समजही होतो.

लातूरकरांना हा प्रकार उलट्या बाजूने चांगला माहीत आहे. अकरावीसाठी राज्यभरातले पालक शहर ‘बघायला’ इथे येतात, वसतिगृहे आणि मेस पाहतात, क्लासच्या कार्यालयात बसतात. पाहणे आणि प्रवेश मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पालकांना इथे आल्यावर कळते.

भेटीला वजन असते ते कुठे?

कॉलेजने खर्च करून विद्यार्थ्याला बोलावण्याची पद्धत अमेरिकेत रुजलेली आहे. तिला तिकडे ‘फ्लाय-इन’ म्हणतात. विल्यम्स कॉलेजचा ‘विंडोज ऑन विल्यम्स’ किंवा बोडन कॉलेजचा ‘एक्सप्लोर बोडन’ ही त्याची उदाहरणे. कमी उत्पन्न गटातल्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या विद्यार्थ्यांवर अशा कार्यक्रमांचा भर असतो. त्यात जागा मिळवण्यासाठीही आधी अर्ज आणि निबंध द्यावा लागतो.

तिथे भेटीचा प्रवेशाशी संबंध जोडला जातो, कारण प्रवेश एका परीक्षेच्या गुणांवर होत नाही. गुण, शिफारसपत्रे, निबंध, घरची परिस्थिती असे सगळे एकत्र वाचले जाते. काही कॉलेजे ‘विद्यार्थ्याने आमच्यात किती रस दाखवला’ हेही पाहतात. एमआयटीसारख्या संस्था ते अजिबात विचारात घेत नाहीत. फ्लाय-इनला गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुढे प्रवेश मिळतो हे खरे. पण त्यांची निवडच मुळात कडक चाळणीतून झालेली असते. भेटीमुळे प्रवेश मिळाला की प्रवेशायोग्य विद्यार्थीच भेटीला निवडले गेले, हे वेगळे करून सांगणे कठीण आहे. लातूरच्या विद्यार्थ्यासाठी हा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही : यातले बहुतेक कार्यक्रम अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तिथल्या शाळेत शिकणाऱ्यांसाठीच असतात.

महाराष्ट्रात मात्र शून्य

राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशाचा मुख्य रस्ता म्हणजे सीईटी सेलची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, अर्थात ‘कॅप’. संगणकाला प्रामुख्याने गुणवत्ता क्रमांक, प्रवर्ग, बारावी कुठून केली आणि पसंतीक्रम अशा गोष्टी कळतात. विद्यार्थी कॅम्पस पाहून आला की नाही, हे नोंदवण्याचा रकानाच अर्जात नाही. आयआयटीचेही तेच. जेईई अॅडव्हान्स्डच्या निकालानंतर अनेक आयआयटी ‘ओपन हाऊस’ घेतात, पण जागावाटप ‘जोसा’च्या फेऱ्यांत क्रमांकानेच होते.

वैद्यकीयला तर शंकेला जागाच नाही. खासगी महाविद्यालयांतल्या संस्थात्मक कोट्याच्या जागाही नीटच्या गुणवत्तेनुसार सीईटी सेलच्या फेऱ्यांतून भरल्या जातात. अभिमत विद्यापीठांच्या जागा केंद्राची समुपदेशन समिती भरते. मराठवाड्याला प्रवेशात फरक पडला तो नियम बदलल्याने. वैद्यकीय प्रवेशातला ७०:३० हा प्रादेशिक कोटा सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. तोपर्यंत प्रत्येक विभागातल्या ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना मिळत आणि महाविद्यालये कमी असलेल्या मराठवाड्यातल्या मुलांना चांगले गुण असूनही फटका बसे. तो रद्द झाल्याची घोषणा करणारे तत्कालीन मंत्री अमित देशमुख लातूरचेच.

मग बसचा परिणाम होतो कुठे?

पसंतीक्रमात. आणि हा परिणाम वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

२०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले, तर ते घेणे बंधनकारक होते. दुसऱ्या फेरीत हाच नियम पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना लागू होता. अशी जागा नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे कॅम्पसवर चांगला पाहुणचार झाला, ‘आमचे नाव एक नंबरला टाका’ असे कोणी सुचवले आणि घरी येऊन तसे भरले, की त्या नावावर शिक्का बसू शकतो. ज्या विद्यार्थ्याचा क्रमांक त्याहून चांगल्या कॉलेजला पुरला असता, त्याचे यात सर्वाधिक नुकसान. कॉलेजच्या दृष्टीने बसचा खर्च वसूल होतो तो इथे. फेऱ्यांचे नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचणे आलेच.

कट-ऑफबाबतही एक मेख आहे. भेटीदरम्यान सांगितला जाणारा कट-ऑफ कोणाचा, हे विचारले पाहिजे. सीईटी सेलच्या याद्यांत अनेक खासगी कॉलेजांच्या जागा ‘होम युनिव्हर्सिटी’ आणि ‘अदर दॅन होम युनिव्हर्सिटी’ अशा विभागलेल्या असतात. प्रवर्गाच्या संकेतनामाच्या शेवटी ‘एच’ किंवा ‘ओ’ हे इंग्रजी अक्षर असते. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे जिल्हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे. इथून बारावी केलेल्या विद्यार्थ्याने पुण्यातल्या अशा कॉलेजसाठी ‘ओ’ची ओळ पाहायची असते. ‘एच’ची ओळ पाहून बांधलेला अंदाज चुकतो.

दुसरे दार : संस्थास्तरावरील जागा

खासगी विनाअनुदानित कॉलेजांत साधारण २० टक्के जागा संस्थास्तरावर भरता येतात. बोलीभाषेत यालाच मॅनेजमेंट कोटा म्हणतात. या जागाही कॉलेजने जाहिरात देऊन, अर्ज मागवून, गुणवत्तेने भरायच्या असतात आणि त्यावर प्रवेश नियामक प्राधिकरणाची देखरेख असते. तरी इथे कॉलेजचा थेट हात असतो, हे मान्य करायला हवे. कॅम्पसवर ‘आजच जागा बुक करा’ असे सांगितले जाते ते बहुधा याच जागांबद्दल. कॅपची जागा कोणतेही कॉलेज बुक करून देऊ शकत नाही. ठरलेल्या शुल्काच्या वर पावतीविना पैसे मागणे, मग त्याला देणगी म्हणा किंवा आणखी काही, १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

पालकांचे खरे नुकसान मात्र कायदेशीर व्यवहारातही होते, आणि त्याविषयी कॅम्पसवर फारसे कोणी बोलत नाही. राज्य सरकारच्या शुल्कसवलती कॅपमधून प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झाले. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही यातून वगळली आहेत. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीची ५० टक्के सवलतही कॅपशीच जोडलेली आहे.

हिशेब मांडून पाहा. समजा एका कॉलेजचे शिक्षण शुल्क वर्षाला १ लाख २० हजार आहे. पात्र मुलगी कॅपमधून तिथे गेली, तर शिक्षण शुल्क शून्य. विकास शुल्क, वसतिगृह, मेस तेवढे भरायचे. तीच मुलगी त्याच वर्गात, त्याच बाकावर संस्थास्तरावरून बसली, तर चार वर्षांचे ४ लाख ८० हजार. ५० टक्के सवलतीच्या मुलासाठी हा फरक २ लाख ४० हजारांचा. मोफत बसने यातले किती वाचवले, ते सांगायला नको.

कॅपबाहेरची खासगी विद्यापीठे स्वतःची परीक्षा, गुण किंवा मुलाखत यांवर प्रवेश देतात. तिथे भेटीच्या दिवशीच मुलाखत आणि त्यांची अंतर्गत शिष्यवृत्ती असे एकत्र होऊ शकते. तेवढ्यापुरता भेटीचा उपयोग आहे. फक्त ती शिष्यवृत्ती पहिल्या वर्षापुरती की चारही वर्षांची, आणि पुढे टिकवायला किती ग्रेड लागतो, हे लेखी घ्यावे.

मग जावे की नाही?

जायला हरकत नाही. नांदेडच्या मुलाने पुण्यातले कॉलेज प्रवेशाआधी डोळ्यांनी पाहणे कधीही चांगले. पण पाहायचे काय, हे आधी ठरवून जावे. एसी सेमिनार हॉल आणि प्लेसमेंटच्या चित्रफिती सगळीकडे सारख्याच असतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुले कँटीनमध्ये गाठून प्रात्यक्षिके नियमित होतात का, वसतिगृहात जागा सगळ्यांना मिळते का की पहिल्या वर्षानंतर बाहेर खोली शोधावी लागते, असे प्रश्न विचारता येतात. प्लेसमेंटचा सर्वांत मोठा पगार ऐकण्यापेक्षा आपल्या शाखेतल्या किती मुलांना नोकरी मिळाली, हे विचारावे. मंजूर जागांचा आकडा एआयसीटीईच्या आणि ठरलेले शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर घरबसल्या मिळते. ते कागद सोबत असले की बोलणे बदलते.

कॅम्पस कसा पाहायचा याचा सराव घराजवळही होतो. विष्णुपुरीतली १९८१ पासूनची श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था शासन अनुदानित आणि स्वायत्त आहे. नांदेड-लातूरची मुले पुण्याच्या नादात ती कधीकधी न पाहताच यादीत खाली टाकतात, हे कोडेच आहे. स्वतःच्या खर्चाने पुण्याला जायचे तर नांदेड-पनवेल एक्स्प्रेस लातूरमार्गे जाते.

जाताना मूळ कागदपत्रे घरी ठेवावीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार संस्थेला मूळ प्रमाणपत्रे तपासून लगेच परत करावी लागतात, ती ठेवून घेता येत नाहीत. एआयसीटीईचा नियमही तसाच आहे. गुणपत्रिका आणि टीसी एका कॉलेजात अडकली आणि तेवढ्यात कॅपची चांगली जागा लागली, तर हजर होण्यासाठी हातात मोजकेच दिवस असतात. सीईटी पोर्टलचा पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा ओटीपी कॉलेजच्या मदत कक्षातही कोणाला देऊ नये. पसंतीक्रम त्याच पासवर्डने भरला जातो, आणि तो एकदा निश्चित झाला की त्या फेरीपुरता बदलता येत नाही.

पैसे भरूनच झाले असतील तर पावती जपावी आणि प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लेखी द्यावा. आयोगाच्या त्याच अधिसूचनेत परताव्याचे टप्पे आहेत : प्रवेशाच्या अधिकृत अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी रद्द केल्यास १०० टक्के, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे काहीच नाही. अभियांत्रिकी कॉलेजांसाठी एआयसीटीई आणि सीईटी सेल दरवर्षी आपल्या तारखा जाहीर करतात. अर्जावर त्या तारखेच्या आतला आवक शिक्का असावा.