जुन्या मोटारींचा अस्सलपणा : ‘सिल्व्हर घोस्ट’ व ‘मॉडेल टी’

जुनें यंत्र हेंहि इतिहासाचें साधनच होय; तेव्हां अस्सल, नक्कल व मागाहून दुरुस्त केलेली प्रत यांचा जो विवेक आपण पोथ्यांस लावितों, तोच त्यासहि लाविला पाहिजे. मात्र एकच कसोटी सर्व मोटारींस चालत नाहीं, हें रोल्स-रॉइस व फोर्ड या दोन कारखान्यांच्या समकालीन गाड्यांवरून दाखवितां येतें.

रोल्स-रॉइसची ४०/५० अश्वशक्तीची गाडी इ. स. १९०६ त पुढें आली. तिचें इंजिन सहा सिलिंडरांचें. कारखाना केवळ इंजिनासह सांगाडा देई. त्यावर बॉडी चढविण्याचें काम गिऱ्हाइकाच्या पसंतीचा निराळा कारागीर करी. सांगाडा म्हणजे मूळ संहिता व बॉडी म्हणजे तिचें वेष्टन. वेष्टन बदललें तरी संहिता तीच राहते. म्हणून येथें सांगाड्याचा क्रमांक हाच मुख्य पुरावा. नांवावर मात्र विसंबूं नये. ‘सिल्व्हर घोस्ट’ हें मुळांत सांगाडा क्रमांक ६०५५१ या इ. स. १९०७ च्या एकाच रुपेरी गाडीचें नांव. लोकांनीं तें सर्व ४०/५० गाड्यांस लाविलें, व कारखान्यानें तें इ. स. १९२५ त ‘फँटम’ निघाल्यावर पत्करिलें. सबब जुन्या कागदांत हें नांव आढळलें, तर तेवढ्यावरून तीच प्रख्यात गाडी समजणें धाडसाचें होईल.

फोर्डची ‘मॉडेल टी’ इ. स. १९०८ ते १९२७ पर्यंत निघाली. संख्या दीड कोटीवर. हायलंड पार्क येथें इ. स. १९१३ पासून सरकत्या रांगेवर तिची जोडणी होऊं लागली. येथें सुटे भाग एका छापाचे व परस्परांस बसणारे. क्रमांक इंजिनावर कोरलेला असे, आणि इंजिन तर सहज बदलतां येई. अर्थात् त्या क्रमांकावरून इंजिनाचा काळ ठरतो, साऱ्या गाडीचा नव्हे. तिची पारख अंगच्या खुणांवरून करावी. पितळी रेडिएटर इ. स. १९१७ च्या नमुन्यापूर्वींचा. केवळ काळा रंग इ. स. १९१४ ते १९२५ पर्यंतचा. इंजिन १९२० चें व रेडिएटर पितळी असल्यास, दोहोंपैकीं एक तरी परका जाणावा.

तात्पर्य, पहिली गाडी हस्तलिखित पोथीसारखी, दुसरी छापील ग्रंथासारखी. पोथीची परंपरा पाहावी, ग्रंथाची आवृत्ति. संग्राहकांस आमची एवढीच विनंती कीं, रंगरोगणापूर्वीं क्रमांक व खुणा टिपून ठेवाव्या. खरवडलेल्या रंगाबरोबर पुरावाहि जातो, व तो पुनः मिळत नाहीं.