छत्रीतून दिसलेले ठिपके

मागच्या पावसाळ्यात मंडळाची बैठक आटोपून मी आणि शेजारची सून घरी येत होतो. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेली मुलगी, पण बाळ झाल्यापासून घरीच. मध्येच थांबून म्हणाली, ‘‘काकू, तो लांबचा दिवा छत्रीच्या कापडातून बघा.’’ बघते तर काय, एका दिव्याचे फुलीसारखे कितीतरी ठिपके!

‘‘ही कापडाची वीण,’’ ती सांगू लागली. ‘‘धागे जितके जवळ, तितके ठिपके लांब. ठिपके मोजून वीण ओळखता येते.’’

मीठ, साखर, मोरचूद यांच्या खड्यातही अणूंची अशीच वीण असते. १९१२ मध्ये म्युनिकला मोरचुदाच्या खड्यातून क्ष-किरण सोडले, तेव्हा फोटोच्या काचेवर असेच ठिपके उमटले. पण ठिपक्यांवरून खडा उभा करायचा तर अडचण येते. ठिपका किती ठळक ते कळतं, लाट कुठल्या टप्प्यावर होती ते कळत नाही. निम्मा हिशेब हरवलेला!

त्यावर आता उपाय निघालाय. लेझीम पथकासारख्या एका तालात चालणाऱ्या क्ष-किरणांच्या लाटा वस्तूवर सोडायच्या, ठिपके टिपायचे आणि हरवलेला हिशेब संगणकाने पुन्हा पुन्हा ताडून भरायचा. चित्र घडवायला भिंग लागतच नाही. १९९९ मध्ये सोन्याच्या अतिसूक्ष्म ठिपक्यांनी काढलेली अक्षरं अशी प्रथम ‘दिसली’. आज बॅटरीतल्या सूक्ष्म कणाला आतून कुठे ताण पडतो, तेही या रीतीने पाहता येतं.

संगणक नव्हता तेव्हा हे हिशेब हाताने करावे लागत. इंग्लंडच्या कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९२९ मध्ये क्ष-किरणांनीच बेन्झिनचं कडं सपाट असल्याचं दाखवलं. पुढे मुलं लहान असताना त्या घरी बसून आकडेमोड करत राहिल्या. त्यांचे वरिष्ठ विल्यम ब्रॅग यांनी घरकामाला बाई ठेवण्यासाठी पैशांची सोय केली, तेव्हा त्या प्रयोगशाळेत परतू शकल्या. १९४५ मध्ये रॉयल सोसायटीने सदस्य म्हणून निवडलेल्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी त्या एक.

हे ऐकल्यावर मला झोप येईना. दुसऱ्या दिवशी तिच्या सासूबाईंकडे गेले. म्हटलं, ‘‘वहिनी, दुपारी दोन तास बाळ माझ्याकडे द्या.’’ आधी त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘तुमच्याकडे कशाला? मी आहे ना!’’

आता तिची पुस्तकं माळ्यावरून खाली आलीत. मैत्रिणींनो, तुमच्या घरातल्या माळ्यावर कुणाची पुस्तकं आहेत, एकदा बघाल?